देवघराखालचा कॉक

नळ माझ्या हातात आला आणि त्याच्या मागून पाणी.

थेंब थेंब नाही. जाड धार. समोरच्या भिंतीवर आपटून परत माझ्याच तोंडावर. मी अंगठा लावून बघितला, मग तळहात, मग दोरीवरचा पप्पांचा टॉवेल कोंबला. टॉवेल उडून पार कोपऱ्यात जाऊन पडला.

"दिग्या! काय केलंस रे?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"काही नाही. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं काय! पाणी इथवर आलंय माझ्या पायाशी!"

नळ फक्त बदलायचा होता. महिनाभर गळत होता. प्लंबर म्हणाला दसऱ्यानंतर बघू. आणि मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजायचो. मोबाईलवर बघून बघून घरातला पंखा, मिक्सर, आईची शिलाई मशीन, सगळं उघडून परत जोडलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे कुणी चूक काढायलाही नव्हतं. नळ म्हणजे काय, आटे फिरवायचे, जुना काढायचा, नवा लावायचा.

आधी पाणी बंद करायचं असतं, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. पण कॉक बंद करायचा तर शेजारी जायला लागायचं, म्हणून म्हटलं चालू पाण्यातच पटकन बदलू. जुना नळ फिरवला तर तो सुटलाच नाही. जोर लावला तर भिंतीतला गंजलेला पाईपच मोडला. आता नवा नळ लावायला आटेच राहिले नव्हते.

कॉकचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं घर एकच होतं. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, आणि पप्पा धाकटे. मी शाळेत असताना मधे भिंत घालून दोघांनी घर वाटून घेतलं. भांडण नव्हतं काही, जागा पुरत नव्हती एवढंच. खोल्या वाटल्या, अंगण वाटलं, चिंचेच्या झाडाच्या फांद्यासुद्धा बोट दाखवून वाटल्या. पाण्याचा कॉक तेवढा कुणाच्या लक्षात आला नाही. गच्चीवर टाकी एकच, दोन्ही घरांचं पाणी एकाच पाईपमधून उतरायचं, आणि त्या पाईपचा एकुलता एक कॉक आप्पांच्या स्वयंपाकघरात, देवघराच्या ओट्याखाली. गवंडी म्हणाला होता म्हणे, आत्ताच बाहेर काढून घ्या. पण त्यासाठी देव हलवावे लागले असते. आमच्यात बसलेले देव कुणी हलवत नाही. म्हणून भिंत ओट्यापासून वीतभर सोडून वर गेली आणि कॉक आतच राहिला.

वर्षातून एकदा, टाकी धुताना, तो बंद करायचो. मोठी आई देवांना ताम्हनात घ्यायची, पप्पा आणि आप्पा ओट्यावरची शहाबादी फरशी जरा सरकवायचे, आणि वरून हात घालायचा. अर्ध्या तासाचं काम.

पण त्या दिवशी नवरात्राची सातवी माळ होती. त्या फरशीवर घट बसला होता.

पत्रावळीवर काळी माती, मातीत गहू पेरलेले, मधे पाण्याचं मडकं, वरून रोजची एकेक माळ सोडलेली, आणि शेजारी नंदादीप. गहू बोटभर उगवले होते. नऊ दिवस घट हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, घट बसलेलं घर सोडून जायचं नाही. आमच्या दोन्ही घरांत मिळून घट एकच, थोरलीकडे, म्हणजे मोठ्या आईकडे. मोठी आई म्हणजे आप्पांची बायको.

आणि त्या वर्षी आप्पा सोलापूरला दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीचं ऑपरेशन होतं. पप्पा आणि आप्पांची मुलगी वैजूताई तिकडे होते. बायको मात्र तिकडे नव्हती. सगळे म्हणत होते तुम्ही चला, घटाचं शैला बघेल. शैला म्हणजे माझी आई. मोठी आई म्हणाली, "तिथं डॉक्टर आहेत. इथं कोण आहे?" आणि राहिली. उपास करत, दिव्यात तेल घालत, फोन मांडीवर ठेवून.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी नखशिखान्त भिजलेला, मागच्या दाराने तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

ती भगर निवडत बसली होती. माझ्याकडे बघून हसली.

"हे काय, कपड्यासकट अंघोळ?"

"मोठी आई, पाईप मोडला. कॉक बंद करायला पाहिजे."

तिचं हसू गेलं. तिने देवघराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"फरशी नाही हलवायची."

"अगं पण पाणी..."

"जाऊ दे पाणी."

"अख्खी टाकी जाईल! कालच भरलीय. आता पाच दिवस पाणी येणार नाही. दसरा कसा करायचा?"

"आडावरून आणू. विकत आणू. तू जा, बादल्या भरून ठेव शैलाला घेऊन. आज फरशीला हात लावायचा नाही दिगू, उद्या ह्यांचं..."



इथं मी परत फिरायला पाहिजे होतं. बादल्या, घागरी, पातेली भरली असती, बाकीचं वाहून गेलं असतं. झालं असतं काय? पण माझ्या डोक्यात एकच, आई दिवसभर ऐकवणार, पप्पा आल्यावर ऐकवणार, की दिग्याने टाकी घालवली. मला ते नको होतं.

"फरशीला हातच लावत नाही," मी म्हटलं. "बाजूच्या फटीतून हात घालतो. घटाला वारासुद्धा लागणार नाही."

भिंत आणि ओटा यांच्यात वीतभर फट होती. ओट्याची ती बाजू उघडीच होती, नुसत्या विटा एकावर एक रचलेल्या, मधे भोक.

"जाईल का हात?"

"जाईल की."

"घटाला धक्का?"

"नाही लागणार. शप्पथ."

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता आणि आईचा, "अगंबाई, अगंबाई" असा.

"पाय धुऊन ये," मोठी आई म्हणाली. "आणि तो चामड्याचा पट्टा काढ."

मी पाय धुतले. पट्टा काढला. भिंतीला गाल चिकटवून आडवा झालो आणि फटीत हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, मग खांदा अडकला. आत गार आणि ओलं. पाईपला कुठंतरी बारीक पाझर होता, विटा पार ओल्या झाल्या होत्या. बोटांना कॉक लागला. मूठ फिरवली, ढिम्म. वर्षभर कुणी फिरवला नव्हता.

"मोठी आई, पान्हा दे. तो मोठा."

तिने पान्हा माझ्या डाव्या हातात दिला, मी उजवा बाहेर काढून त्यात घेतला आणि परत आत घातला. माझ्या कानाच्या वर दिवा जळत होता. तेलाचा आणि झेंडूचा वास. ती दिव्यापुढे दोन्ही हातांचा आडोसा धरून वाकली होती.

"हळू रे."

"हळूच करतोय."

पान्हा बसला. ओढला. करकर झालं, थोडा हलला.

"हललं! मोठी आई, हललं!"

"झालं का बंद?"

"अजून जरा."

मग मी जोरासाठी गुडघा ओट्याच्या विटांना टेकवला. मला वाटलं ओटा आहे, पक्का आहे. गुडघा रेटला आणि पान्हा सगळ्या ताकदीने ओढला.

वीट सरकली. ओली वीट साबणासारखी सरकली, तिच्यावरची पण. आणि वरची फरशी एका बाजूने खाली आली, माझ्या हातावर.

कोपराच्या खाली. पाईप आणि फरशीच्या मधे.

मी कसा ओरडलो ते मला आठवत नाही, पण गल्लीतले लोक नंतर म्हणाले की आम्हाला वाटलं साप चावला.

डोळे उघडले तर वर मोठ्या आईचे हात. फरशी तिरपी झाली होती, घट माझ्या बाजूला घसरत आला होता आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. मडक्यातलं पाणी हिंदकळून माझ्या मानेवर पडलं. वरच्या माळा ताणल्या गेल्या होत्या, पण तुटल्या नव्हत्या. दिवा कडेला येऊन थांबला होता. जळत होता.

"दिगू, हात काढ! काढ हात!"

"निघत नाही!"

"शैला! शैला गं!"

आई धावत आली, ओली गच्च. बघितलं आणि भिंतच धरली. मग पुढे येऊन फरशीची कड धरून उचलायला लागली. एकटीला उचलते होय? वर लाकडी देव्हारा, देव, घट. फरशी अंगुळभर उचलली गेली आणि परत बसली, तिथंच. मी परत ओरडलो.

"अक्का, धरा इकडून! अक्का!"

"कशी धरू? हा सोडला तर पडतो!"

खरं होतं ते. तिने घट सोडला असता तर तो घसरून फुटला असता. आणि घट धरून फरशी उचलता येत नव्हती. एकच मार्ग होता, घट उचलून खाली ठेवायचा. तिला ते कळत होतं. मला तिचं तोंड दिसत होतं, खालून, उलटं. ओठ हलत होते. माझ्याशी बोलत नव्हती ती.

आईची हिंमत नव्हती ते म्हणायची.

ते मी म्हणालो.

"काढ! काढ तो घट! मोठी आई, काढ ना तो घट, मरतो मी!"

तिने घट उचलला.

माळा तटातट तुटल्या. एक माझ्या तोंडावर पडली. तिने घट जमिनीवर ठेवला आणि मागं वळून फरशीला हात घातला. दोघींनी मिळून फरशी उचलली, कुठून ताकद आली कुणास ठाऊक, आणि मी हात ओढून घेतला. फरशी उचलताना दिवा कलंडला. वात तेलात बुडाली आणि विझली. एवढा धूर निघाला, बारीकसा, वर गेला.

मी जमिनीवर हात पोटाशी धरून पडलो. आई माझ्याजवळ. मोठी आई दिव्याकडे बघत उभी.

मग मला एक गोष्ट लक्षात आली. आवाज बंद झाला होता. पलीकडून पाण्याचा आवाज येत नव्हता. कॉक काही मी बंद केला नव्हता. टाकी रिकामी झाली होती.

*

हाड मोडलं होतं. डॉक्टरने प्लास्टर घातलं आणि विचारलं कसं झालं, तर आई म्हणाली, "मोरीत घसरला." रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "अक्का म्हणाल्यात कुणाला बोलायचं नाही. ह्यांना पण नाही, भाऊजींना तर नाहीच नाही."

घरी आलो तर मोठ्या आईने घट परत मांडला होता. खाली, जमिनीवर, पाटावर. माळा दोऱ्याने बांधून परत सोडल्या होत्या. गहू एका बाजूला कलले होते, तेवढंच. दिवा लावला होता. कुणी बाहेरचं आलं असतं तर काही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या दारात जाऊन बसलो. आत जायचा धीर नव्हता आणि घरी बसवत नव्हतं. ती घटासमोर बसलेली, फोन पाटाजवळ. मला बघून बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मी आयुष्यात कधी देवाचं एवढं काही केलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, माझा विश्वास पण धड नव्हता. पण त्या सकाळी मी दारात बसून एकच घोकत होतो, आप्पा वाचू दे. आप्पांची काळजी होतीच, पण त्याहून जास्त मला भीती होती की आप्पा गेले तर ह्या बाईकडे मी परत कसा बघणार. कशाची भीती जास्त होती ते मलाच ठाऊक आहे.

आई चहा घेऊन आली. "अक्का, घोटभर घ्या, चहा चालतो."

"नको."

"काल दुपारपासनं पाणी पण नाही पोटात."

"शैला, नको म्हटलं ना."

फोन वाजला तेव्हा उन्हं अंगणात पार पायरीपर्यंत आली होती. तिने उचलला नाही. बघत राहिली त्याच्याकडे. शेवटी आईने उचलून स्पीकरवर टाकला.

"वहिनी?" पप्पांचा आवाज. "झालं बघा. चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले काही काळजी नाही."

"शुद्धीवर आलेत का?"

"येतील आता. मी बघून आलो काचेतून."

"काचेतून बघून काय कळतं तुम्हाला?" मोठी आई म्हणाली आणि आई रडता रडता हसली. मी पण हसलो. पण मोठी आई हसली नाही. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्यात बांधलेल्या हाताकडे. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती उठली आणि आत गेली.

मला एवढं हलकं वाटलं त्या दिवशी, काय सांगू. म्हटलं सुटलो.

दसरा झाला. आप्पा घरी आले, बारीक झालेले, पण जिभेने तसेच. माझं प्लास्टर बघून म्हणाले, "माझी छाती फाडली तरी मी रडलो नाही, तू मोरीत पडून गल्ली गोळा केलीस म्हणे."

प्लास्टर निघाल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल तर तो कॉक बाहेर काढला. गवंडी बोलावला, पाईप अंगणात वळवला आणि दोन्ही घरांना वेगवेगळे कॉक बसवले, भिंतीवर, छातीच्या उंचीला, कुणीही जाता जाता फिरवेल असे. सकाळी सुरू केलं, जेवायच्या आत संपलं. एवढंच काम होतं ते. मोठ्या आईने स्वतः देव उतरवून दिले. आप्पांना आश्चर्य वाटलं.

"तू देव हलवायला कशी तयार झालीस?"

"झाले," ती म्हणाली. "पाणी सगळ्यांना लागतं."

आता दुसरी गोष्ट. नवरात्रात आमच्याकडच्या पुष्कळ बायका अनवाणी राहतात, नऊ दिवस. दसऱ्याला चप्पल घालतात. मोठ्या आईने त्या दसऱ्याला घातली नाही. दिवाळीला पण नाही. तिची चप्पल दाराशी पडून पडून वाळली आणि एक दिवस कुत्र्याने नेली.

ती बाजाराला अनवाणी, दळणाला अनवाणी, लग्नाकार्याला भारी लुगडं नेसून अनवाणी. उन्हाळ्यात रस्ता तापला की कडेच्या गवतावरून चालायची. थंडीत टाचांना भेगा पडायच्या, त्यात मेण भरायची. आणि आप्पा येईल त्याला सांगायचे, "माझ्यासाठी केलंय बरं का. मी वाचलो म्हणून." त्यांना मोठा अभिमान. वर्षातून दोनदा म्हणायचे, "अगं आता तरी घाल. देवीला पोचलं असेल." ती म्हणायची, "बघू."

मी पण तेच समजत होतो. आप्पांचा नवस. समजायला बरं वाटत होतं ते.

*

या वर्षी माझं लग्न ठरलं. पहिली पत्रिका देवीला. मोठी आई म्हणाली, मी येते. गावाबाहेर टेकडीवर देवी आहे आमची, तिथं गाडीवरून गेलो. एप्रिलचं ऊन. मी तिच्यासाठी चप्पल घेतली होती, साधीच, मऊ, पिशवीत घालून बरोबर आणली होती. देवळात पत्रिका ठेवली, ओटी भरली, आणि आतल्या ओवरीत सावलीला बसलो तेव्हा ती पिशवी काढून तिच्यासमोर ठेवली.

"काय आणलंस?"

"बघ की."

तिने बघितलं. "अगंबाई. माप कुठलं?"

"अंदाजाने."

"पाय बघ माझे. भाकरीसारखे पसरलेत. बसायच्या नाहीत मला ह्या." हसली. पिशवी परत माझ्याकडे सरकवली.

"लग्नात घाल मोठी आई. माझ्या लग्नात तरी. आप्पा ठणठणीत आहेत एवढी वर्षं. नवस फिटला आता."

"ह्यांच्यासाठी कुठाय ते?"

मी पिशवी खाली ठेवली.

"ह्यांचं मी तेव्हाच सोडलं होतं," ती म्हणाली. एकदम साध्या आवाजात, भाजीचं सांगावं तसं. "घट उचलला ना, तेव्हाच. म्हटलं आता ह्यांचं काय व्हायचं ते होणार. रात्रभर मी मनाची तयारी केली होती दिगू. कपाळ पुसून बघितलं होतं कसं दिसतंय."

"मोठी आई..."

"ऐक. मग सकाळी फोन आला, चांगलं झालं. तू हसलास, शैला हसली. आणि मी भ्याले. आधी नव्हते एवढी भ्याले."

"का?"

"आता कुणावर जाईल हे? घट हलला, दिवा विझला, आणि ज्याच्यासाठी बसवला होता त्याला काहीच झालं नाही. मग कुणाला? वळून बघितलं तर तू दारात. हात गळ्यात. 'काढ तो घट' म्हणून ओरडला होतास तू, देवीच्या तोंडासमोर."

एवढी वर्षं मी स्वतःशी धरून बसलो होतो की ते शब्द तिला आठवत नसतील. त्या गडबडीत कुणाला काय आठवतं.

"म्हणून आत गेले आणि तिला सांगितलं. पोरगं आहे, हात चेंगरला होता, कळवळून बोललं. त्याचं काय असेल ते माझ्याकडून घे. मी चप्पल घालणार नाही, पण त्याच्याकडे बघू नकोस."

"माझ्यासाठी?"

"मग काय ह्यांच्यासाठी? ह्यांना सांगू नको हां. मिरवतात बिचारे."

"पण कधीपर्यंत?"

"मुदत नाही विचारली मी."

"मग आता मी चालतो अनवाणी. मी फेडतो. माझं आहे ना ते?"

"गप." एकदम रागावली. "तेच नको म्हणून तर चाललंय सगळं. मोठा आला फेडणारा. उठ, ऊन चढायलंय."

बाहेर आलो तर दुपार झाली होती. देवळाच्या दाराशी लोकांच्या चपलांचा ढीग, आणि त्यात माझी सापडेना. लग्नाचे दिवस, गर्दी होती, कुणीतरी पायाने सगळ्या एकत्र लोटल्या होत्या. मी वाकून शोधत होतो आणि ती शेजारी उभी होती. फरशी अशी तापलेली की पाणी सांडलं तर चर्र होईल. ती एक पाय उचलायची, तो टेकवून दुसरा उचलायची.

"मोठी आई, तू सावलीत जा ना. तिथं झाडाखाली."

"सापडू दे आधी."

"राहू दे ती चप्पल. गाडीवरच तर जायचंय. मी येतो असाच."

"दिगू."

"अगं पाय भाजायलेत तुझे!"

"तू घाल आधी," ती म्हणाली. "तुझ्या पायात बघते, मग जाते."

आणि हलेना. पुजारी बघायला लागला, दोन बायका थांबल्या. एक म्हणाली, आजीबाई, सावलीला या की. ती त्यांच्याकडे बघून हसली आणि परत माझ्या पायांकडे बघत उभी राहिली, एक पाय उचलून.

एक चप्पल मिळाली. दुसरी ढिगाच्या पार खाली होती. मी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी दुसऱ्यांच्या चपला बाजूला फेकत होतो, आणि ती वरून म्हणत होती, "सावकाश. सावकाश बघ."

सापडली. मी घातली.

मग ती सावलीत गेली.